‘फुकट’ रात्रीचा हिशोब

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ आहे. नवा रायपूरच्या आमच्या सब एरिया मुख्यालयात पोस्टिंग आल्यापासून महिन्यातली एखादी संध्याकाळ मी तिथे काढतो. चार मराठी माणसं भेटतात, नागपुरी वळणाचं मराठी कानावर पडतं, बरं वाटतं. मागच्या खेपेला कार्यक्रम संपल्यावर आम्ही पाच-सहा जण बाहेर चहा घेत उभे होतो. सैन्यातले तिघे: मी, मुख्यालयातला एक तरुण मेजर, आणि इथेच स्थायिक झालेले एक निवृत्त कर्नल. सुट्ट्यांचा विषय निघाला आणि मेजरने मोबाईल पुढे केला.

“सर, जूनमध्ये गोवा. तीन रात्री. एक पैसा दिला नाही.”

“मग काय दिलं?”

“पॉइंट्स. साठ हजार.”

“त्याच खोलीचं त्याच तारखांचं रोख भाडं किती आहे?”

ते त्याने बघितलंच नव्हतं. तिथेच बघायला लावलं. पावसाळ्याच्या तोंडाशी गोवा स्वस्त असतो. रात्रीला ६,००० रुपये, वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ६,३००. तीन रात्रींचे १८,९००. साठ हजार पॉइंट्स देऊन त्याने १८,९०० रुपयांची वस्तू घेतली होती. पॉइंटला साडेएकतीस पैसे पडले. थोडं शोधलं असतं तर त्याच पॉइंट्सचे त्याला दुप्पट मिळाले असते. पण त्याच्या लेखी ती सुट्टी फुकट होती, आणि फुकटच्या वस्तूचा भाव कोण बघतो?

हा लेख त्या ‘फुकट’ शब्दाविरुद्ध आहे. हॉटेलचे पॉइंट्स हे बक्षीस नाही, नशीब नाही, कंपनीने आपल्यावर केलेली माया तर नाहीच नाही. तो पैसा आहे. आपण आधी भरलेल्या भाड्यातलाच एक भाग आपल्याला दुसऱ्या नावाने परत मिळतो. एकदा त्याला पैसा म्हटलं की तीन गोष्टी आपोआप ठरतात. तो मोजायचा, तो कुजवायचा नाही, आणि तो कोणाचा आहे हे विचारायचं. आपण तिन्ही टाळतो. तिसरी तर मुद्दाम.

आधी मोजणं.

रीत तिसरीतल्या पोराला जमेल अशी आहे. त्या रात्रीचं रोख भाडं अधिक कर घ्या. पॉइंट्सवर राहूनही जे पैसे भरावे लागतील ते वजा करा. उरलेल्याला लागणाऱ्या पॉइंट्सनी भागा. जो आकडा येईल तो एका पॉइंटचा भाव. मॅरियट बॉनव्हॉयच्या पॉइंट्ससाठी मी स्वतःपुरती ६० पैशांची रेघ आखली आहे. त्याखाली भाव मिळत असेल तर रोख भरतो, वर मिळत असेल तर पॉइंट्स देतो. ही रेघ काही शास्त्र नाही. तुमची वेगळी असू शकेल, पण असली पाहिजे.

यात तीन चुका हमखास होतात. पहिली कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची खोली ८,९६८ ला. भाड्यात फरक दोनशेचा, खिशात फरक जवळजवळ बाराशेचा. पूर्ण पॉइंट्सवर घेतलेल्या रात्रीला बहुतेक मोठ्या कंपन्यांत खोलीचा कर वेगळा भरावा लागत नाही. त्यामुळे साडेसात हजाराच्या जरा वरच्या खोल्या ही पॉइंट्स वापरायची चांगली जागा आहे, आणि जरा खालच्या खोल्या रोख भरायची. बुकिंग पक्कं करण्यापूर्वी शेवटच्या पानावर कराची ओळ तेवढी वाचा.

दुसरी चूक नाश्त्याची. रोख भाड्यात अनेकदा दोघांचा नाश्ता धरलेला असतो, पॉइंट्सच्या रात्रीत बहुधा नसतो. नाश्त्यासकटचं भाडं नाश्त्याशिवायच्या रात्रीशी तोलायचं आणि “बघा किती वाचले” म्हणायचं, ही स्वतःचीच फसवणूक झाली.

तिसरी चूक: रोख राहिलात तर नवे पॉइंट्स मिळतात, पॉइंट्सवर राहिलात तर खोलीभाड्याचे मिळत नाहीत. बॉनव्हॉयच्या बहुतेक हॉटेलांत डॉलरला १० पॉइंट्स असा दर आहे. डॉलर ९० रुपये धरला तर ९,००० च्या खोलीवर साधारण हजार पॉइंट्स होतात. माझ्या भावाने ते सहाशे रुपये. तेही वजा करा.

इथे कर्नलसाहेब हसले आणि म्हणाले, “तू पॉइंटचे पैसे करून राहिला. मी बारा वर्षं जमवले, एकदाही भागाकार केला नाही.”

त्यांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण हा लेख मी मेजरमुळे नाही, त्यांच्यामुळे लिहितो आहे. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही.

२०१४ मध्ये, नोकरीची शेवटची वर्षं चालू असताना, साहेबांनी ठरवलं की निवृत्तीनंतर मॅडमना उदयपूरला न्यायचं. तळ्याकाठचं एक हॉटेल त्यांनी हेरून ठेवलं. तेव्हा तिथली एक रात्र ३५,००० पॉइंट्सला होती. चार रात्रींच्या पॉइंट्सवर पाचवी मिळायची. म्हणजे १,४०,००० झाले की पाच रात्री. हिशोब चोख होता. मग साहेब जमवायला लागले. जिथे राहायचं तिथे त्याच कंपनीत. मुलीच्या लग्नाचे पाहुणे त्याच कंपनीत. दोन-तीनदा वापरायची चांगली संधी आली, तेव्हा “उदयपूरचे आहेत, हात लावायचा नाही” म्हणून रोख भरले. १,४०,००० झाले तेव्हा मॅडमच्या आईचं आजारपण चालू होतं. ते निस्तरलं तेव्हा त्यांचा स्वतःचा गुडघा. आज खात्यात १,८०,००० आहेत, आणि त्या हॉटेलची एक रात्र ८५,००० ला आहे. पाच रात्रींच्या दोन झाल्या.

मॅडम शेजारीच होत्या. रागावल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, “बारा वर्षांपासून हे मला मोबाईलमध्ये उदयपूर दाखवून राहिले.”

सगळे हसले. साहेबही हसले, पण त्यांनी मोबाईल खिशात टाकला आणि मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

आता कोणी म्हणेल, कंपनीने फसवलं. मी म्हणतो, कंपनीने आपल्या नियमात लिहून ठेवलं होतं तेच केलं. प्रत्येक योजनेच्या अटींत एक कलम असतं: पॉइंट्सचे दर आम्ही कधीही बदलू शकतो. हे कलम शोभेला ठेवलेलं नाही, ते वापरलं जातं. हिल्टनने २०१७ मध्ये ठरावीक दरांचा तक्ता काढून टाकला. मॅरियटने २०१६ मध्ये स्टारवुड विकत घेतली, २०१९ मध्ये सगळ्या योजना बॉनव्हॉय या एका नावाखाली आणल्या आणि मार्च २०२२ पासून तक्ता बंद केला. तेव्हापासून पॉइंट्समधला भाव तारीख आणि मागणी बघून हलतो. हायॅटने वर्गवारीचा तक्ता ठेवला आहे, पण त्यातही गर्दीचे आणि मंदीचे दिवस वेगळे आहेत, आणि हॉटेल एका वर्गातून दुसऱ्या वर्गात हलवता येतं.

कंपनीच्या बाजूने बघा. तिच्या ताळेबंदात आपले पॉइंट्स ‘देणं’ या सदरात असतात. ती आपल्याला देणं लागते. फक्त या व्यवहारात देणेकरीच ठरवतो की किती फेडायचं. असं कर्ज आपण सख्ख्या मेव्हण्याला देणार नाही, आणि अनोळखी कंपनीला बारा वर्षं देतो. तेही बिनव्याजी.

आमच्या सब एरियाच्या नावात छत्तीसगडबरोबर ओडिशाही आहे, आणि हा धडा ओडिशाने दोनशे वर्षांपूर्वी शिकला आहे. १८०३ च्या देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांनी कटक इंग्रजांना दिलं. तिथल्या सामान्य माणसाचा व्यवहार कवड्यांत चालायचा. नव्या सरकारने सारा चांदीच्या रुपयात मागायला सुरुवात केली. घराघरात कवड्या तेवढ्याच होत्या, पण एका रुपयासाठी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त कवड्या मोजाव्या लागू लागल्या. ज्याने कवड्या जपून ठेवल्या तो न खर्चताच गरीब झाला. १८१७ मध्ये खुर्द्याला बक्षी जगबंधूच्या नेतृत्वाखाली पाईक उठले, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. पाईकांचं दुःख आणि आपल्या उदयपूरच्या खोलीची बरोबरी होऊ शकत नाही, हे मला कळतं. पण अर्थशास्त्र तेच आहे. नाणं तुमच्या पेटीत असलं तरी भाव दुसऱ्याच्या दप्तरात ठरत असेल, तर ते साठवणं ही बचत नव्हे.

आपल्या मराठी घरांत साठवणं हा गुण आहे. आजीच्या डब्यातल्या नोटांपासून पोस्टाच्या खात्यापर्यंत आपण त्यावरच उभे राहिलो. तोच गुण इथे अवगुण होतो. रुपया बँकेत ठेवला तर थोडं तरी व्याज देतो. पॉइंट व्याज देत नाही, घटतो मात्र नक्की. शिवाय मरतोही. मॅरियट आणि हिल्टनच्या खात्यात २४ महिने काहीच हालचाल झाली नाही तर पॉइंट्स जातात. आयएचजीच्या साध्या सदस्याला १२ महिने मिळतात. अ‍ॅकॉरमध्ये ३६५ दिवसांत एकदा तरी राहावं लागतं.

गणवेशातल्या वाचकांनी हे आकडे पुन्हा वाचावेत. दोन वर्षांचं फील्ड टेन्युअर म्हणजे नेमके २४ महिने. वर चौकीवर असताना मोबाईल नाही, नेट नाही, हॉटेल तर स्वप्नातही नाही. खाली उतरल्यावर कळतं की खातं कोरं आहे. माझ्या ओळखीच्या किमान तिघांचं असं झालं आहे. फील्डला जाण्यापूर्वी आपण मृत्युपत्र लिहितो, घरच्यांना बँकेचे कागद समजावतो. त्याच दिवशी पॉइंट्स वापरून टाका. घरच्यांना घेऊन दोन रात्री कुठेतरी राहा. जाण्यापूर्वीच्या त्या दोन रात्रींचा भाव कुठल्याही भागाकारात बसत नाही.

सगळेच पॉइंट्स असे हलते नसतात, हेही सांगतो. क्लब आयटीसीचा ग्रीन पॉइंट एक रुपयाचा. टाटांचं न्यूकॉइन एक रुपयाचं, ते ताजमध्ये चालतं. अ‍ॅकॉरचे २,००० पॉइंट्स म्हणजे ४० युरो. यांत डोकं लढवायला जागाच नाही. ते सुट्ट्या पैशांसारखे समजावेत आणि पुढच्याच बिलात टाकावेत. डोकं लागतं ते भाव हलणाऱ्या पॉइंट्सना, आणि तिथे एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरे. रोख भाडं जेवढ्या वेगाने उसळी मारतं, तेवढ्या वेगाने पॉइंट्समधला भाव अनेकदा चढत नाही. म्हणून लग्नाची दाट तिथ, परीक्षांचे दिवस, शहरात मोठा सामना, अशा वेळी पॉइंट्स काढावेत. २१ जानेवारी २०२३ ला नवा रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला. असे दिवस पॉइंट्सचे. जून महिन्यातला रिकामा गोवा रोखीचा.

मेजरने चहा संपायच्या आत गोव्याचं बुकिंग कॅन्सल केलं. मुदत उलटली नव्हती, त्यामुळे साठ हजार पॉइंट्स खात्यात परत आले. रोखीने त्याच तीन रात्री घेतल्या. तो कुरकुरला, “सर, आता अठरा हजार जाणार.” जाणारच. आधीही जातच होते, फक्त दिसत नव्हते.

आता दुसरी बाजू. पॉइंट्सची खरी किंमत काढताना एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा लागतो: पॉइंट्स नसते तर मी खरंच किती दिले असते? दिल्लीला धौला कुआंचं डीएसओआय आहे, मुंबईला कुलाब्याचा यूएस क्लब, पुण्याला आरएसएएमआय. जवळपास प्रत्येक छावणीत मेसची गेस्ट रूम आहे. ज्याने एरवी तिथेच मुक्काम केला असता, त्याने पंचतारांकित खोली पॉइंट्सवर घेऊन “अठरा हजार वाचवले” म्हणू नये. त्याचे वाचले मेसच्या खोलीचे पैसे. बाकी चैन झाली. चैन करावी, जरूर करावी, आमच्या बायकांनी ती दहादा कमावली आहे. पण तिला बचत म्हणू नये.

आणि पॉइंट्ससाठी खर्च तर मुळीच करू नये. ऑगस्ट २०२३ मध्ये एचडीएफसी बँकेने मॅरियटबरोबर क्रेडिट कार्ड काढलं. तेव्हाच्या अटी अशा: वर्षाला ३,००० रुपये आणि कर, म्हणजे ३,५४०. बदल्यात १५,००० पॉइंट्सपर्यंतची एक रात्र. ती रात्र तुम्ही एरवी आठ-नऊ हजार देऊन घेतलीच असती, तर सौदा चांगला. घेतली नसती किंवा ती मुदतीत वापरायची राहिली, तर ३,५४० रुपये पाण्यात. इतर साध्या खर्चावर दर १५० रुपयांना २ पॉइंट्स. म्हणजे एक लाख खर्चून १,३३३ पॉइंट्स, ६० पैशांनी आठशे रुपये. त्या लाखाचं बिल एक महिना थकलं तर तीन-साडेतीन हजार व्याज. आठशे मिळवायला साडेतीन हजार. खडकवासल्याला स्क्वाड्रनच्या पॉइंट्ससाठी आम्ही पाय रक्ताळेपर्यंत धावायचो. पॉइंट्सची हाव आम्हाला नवी नाही. पण तिथे निदान झेंडा मिळायचा.

इथपर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पुढचं बोललो तेव्हा डोलावल्या नाहीत.

पॉइंट हा पैसा असेल, तर सरकारी खर्चाने झालेल्या मुक्कामावर मिळालेला पॉइंट कोणाचा?

विमानप्रवासाबद्दल सरकारने हे स्वच्छ लिहिलं आहे. अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाचा १३ जुलै २०१७ चा प्रवासभत्त्याचा आदेश सांगतो की सरकारी कामाच्या तिकिटांवर मिळालेले मायलेज पॉइंट्स त्या विभागाने दुसऱ्या सरकारी प्रवासासाठीच वापरायचे. खासगी प्रवासाला वापरले तर खात्याची कारवाई. कारणही दिलं आहे: खर्च सरकारचा, तर फायदाही सरकारचा. ते वाक्य तिकिटांबद्दल आहे, हॉटेलच्या खोलीबद्दल नाही. आणि आपण नेमके त्या फटीत घुसतो. “सर, त्यात हॉटेल लिहिलेलं नाही.” नाही लिहिलेलं. तत्त्व मात्र लिहिलेलं आहे, आणि ते विमानातून उतरल्यावर बदलत नाही.

मी धुतल्या तांदळासारखा नाही. काही वर्षांपूर्वी टेम्पररी ड्यूटीवर ११ रात्री हॉटेलात होतो. रात्रीला ४,५०० रुपये, माझ्या लेव्हलची कमाल मर्यादा. बिल सरकारने भरलं, सदस्य क्रमांक माझा दिला. ४९,५०० रुपयांचे आजच्या हिशोबाने ५५० डॉलर, म्हणजे ५,५०० पॉइंट्स. ते मी घरच्यांबरोबरच्या सुट्टीत वापरले आणि खुशाल झोपलो.

परवा त्याचा भागाकार केला. ३,३०० रुपये.

रक्कम लहान आहे, हे मलाही दिसतं. पण एखाद्या जवानाने क्वार्टरमास्टरच्या स्टोअरमधून ३,३०० रुपयांची वस्तू घरी नेली असती, तर मी काय केलं असतं? चौकशी लावली असती. त्याला माझ्यासमोर उभं केलं असतं. “रक्कम लहान आहे साहेब” हे त्याचं उत्तर मी ऐकून घेतलं नसतं. मग माझं का ऐकायचं? पॉइंट चकचकीत ॲपमध्ये असतो आणि वस्तू गोणपाटात, एवढाच फरक.

यावर तिथेच दोन आक्षेप आले. पहिला मेजरचा: “सर, हॉटेल ते पॉइंट्स सरकारच्या नावावर देतच नाही. मी घेतले नाहीत तर वाया जातील. सरकारचं काय नुकसान?” नुकसान असं की पॉइंट्स मिळणार म्हणून माणूस हॉटेल निवडतो. मेसमध्ये सोय होत असताना ती नाही असं भासवायचा मोह होतो. चार हजारांत काम भागत असताना मर्यादा पूर्ण गाठणारी खोली घेतली जाते. प्रत्येक जण असं करतो असं मी म्हणत नाही. पण लाचेचं कामच हे असतं, निर्णयाला किंचित कलतं करणं.

आणि वाया जाऊ द्यायची गरज नाही. मी जे केलं ते सांगतो, पटलं तर घ्या. सरकारी मुक्कामांचे पॉइंट्स एका कागदावर वेगळे मांडले, सुट्टीत उडवलेले ५,५०० सुद्धा त्यात धरले. मागच्या टेम्पररी ड्यूटीला दोन रात्री हॉटेलात राहावं लागलं. त्यातली एक रात्र माझ्या पॉइंट्सवर काढली आणि तिचं बिल लावलंच नाही. कोणी विचारलं नाही, कोणी शाबासकी दिली नाही, कारकुनाला तर चूक वाटली आणि त्याने फोन करून विचारलं, “सर, एका रात्रीचं बिल राहिलं का?” नाही म्हटलं, राहिलं नाही, फिटलं.

दुसरा आक्षेप मंडळातल्या एका काकांचा, बँकेतून निवृत्त झालेल्या: “तुम्ही फौजी लोक साध्या गोष्टीची लढाई करता. पॉइंट्स म्हणजे गंमत आहे. माणसाने एवढा हिशोब करू नये.” काका, गंमत असती तर मी गप्प बसलो असतो. एकट्या मॅरियटच्या योजनेचे सदस्य वीस कोटींच्या वर आहेत. त्या कंपन्यांत पॉइंट्सचा हिशोब करायला खोल्या भरून माणसं बसलेली आहेत. ते गंमत म्हणून करत नाहीत. समोरचा नकाशा अंथरून बसला असताना आपण गंमत म्हणून मैदानात उतरायचं, याला आमच्याकडे दुसरा शब्द आहे.

निवृत्त सुभेदारसाहेबांपैकी कोणी हे वाचून म्हणतील, हे अधिकाऱ्यांचे चोचले. मान्य. पण पेट्रोलच्या कार्डाचे पॉइंट्स, मोबाईलवरच्या पेमेंटचा कॅशबॅक, दुकानाचं कूपन, सगळ्यांची जात एकच. रुपयात मोजा, लवकर वापरा, त्यासाठी जादा खर्च करू नका.

कर्नलसाहेबांचं काय झालं? पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो आणि आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. डिसेंबरमध्ये पुतण्याचं लग्न आहे पुण्यात, ऐन तिथीच्या दिवसांत. त्यांना राहायचं होतं त्या हॉटेलची खोली १४,००० रुपये अधिक १८ टक्के, म्हणजे १६,५२०. पॉइंट्समध्ये तीच रात्र २०,००० ला. पॉइंटला ८२ पैशांहून जास्त. दोन रात्री घेतल्या, ४०,००० गेले. उरले १,४०,०००. मग उदयपूर उघडलं. दिवाळीत ८५,००० असलेली रात्र ऑगस्टमध्ये ६५,००० ला दिसली. पावसाळ्यात तिकडे गर्दी कमी असते. दोन रात्री पॉइंट्सवर त्या तळ्याकाठच्या हॉटेलात, दोन रात्री रोखीने गावातल्या एका साध्या, तळमजल्यावर खोली देणाऱ्या हॉटेलात, कारण गुडघा. खात्यात दहा हजार उरले.

साहेब म्हणाले, “पाच रात्री होत्या रे.”

मॅडम आतून म्हणाल्या, “शून्य होत्या. आता चार आहेत.”

यापेक्षा नेमका हिशोब मला मांडता येणार नाही. खात्यातले पॉइंट्स म्हणजे शून्य रात्री. तारीख धरली, खोली धरली, की मगच त्यांची काही किंमत.

तेव्हा आज रात्री ॲप उघडा. किती आहेत ते बघा, ६० पैशांनी गुणा, आणि आलेली रक्कम घरात मोठ्याने वाचून दाखवा. त्यातले सरकारचे किती ते कागदावर वेगळे काढा. उरलेल्यांची तारीख आजच धरा, आणि ती धरताना जिच्यासाठी जमवले तिलाच विचारा की तिला कुठे जायचं आहे.

जय हिंद.